एका बोल्टमागची कागदपत्रे : जुने छोटे विमान सांभाळणे का कठीण?

पिंपरी, प्रतिनिधी – भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारीच्या क्रँकशाफ्टपासून दुचाकीच्या स्प्रिंगपर्यंत असंख्य सुटे भाग तयार होतात. नमुना हाती दिला की हुबेहूब तसाच भाग करून देणारे लेथवरचे कसबी कारागीर येथे गल्लोगल्ली आढळतात. तरीही चाळीस वर्षे जुन्या एखाद्या छोट्या खासगी विमानाचा साधा बोल्ट निकामी झाला, तर तो या कारागिराकडून करून घेऊन विमानाला बसविता येत नाही. अधिकृत प्रमाणपत्रासह तो मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत विमान हँगरमध्ये उभे राहते. हा निव्वळ लालफितीचा कारभार आहे, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. मात्र या नियमामागचे कारण समजून घेतले, की जुने विमान बाळगणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो.

जुनी विमाने अजून का उडतात?

मोटार पंधरा-वीस वर्षांत भंगारात जाते, पण विमान चाळीस-पन्नास वर्षे कसे टिकते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. याचे एक कारण अमेरिकेच्या बाजारपेठेत आहे. जगातील सर्वाधिक संख्येने तयार झालेले छोटे विमान म्हणजे सेस्ना १७२. १९५६ पासून आजवर या जातीची ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. मात्र अपघातांनंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा वाढल्याने सेस्ना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनाच्या विमानांचे उत्पादन थांबविले. विमान १८ वर्षांचे झाल्यावर निर्मात्याचे दायित्व मर्यादित करणारा कायदा अमेरिकेने १९९४ मध्ये केला आणि त्यानंतर १९९६ मध्ये हे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मधल्या दशकात नवी विमाने आलीच नाहीत. आली तेव्हा ती महाग होती. परिणामी १९७० च्या दशकातील विमाने जगभर वापरात राहिली.

दुसरे कारण विमानाच्या देखभालीच्या पद्धतीत आहे. विमानाचा प्रत्येक भाग ठरावीक तासांनी किंवा वर्षांनी तपासला, दुरुस्त केला किंवा बदलला जातो. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथ या १९३० च्या दशकातील विमानातून. लाकडी सांगाड्याचे ते विमान त्या वेळी पन्नाशीच्या आसपास होते. विमानाचे वय त्याच्या जन्मसालापेक्षा त्याच्या देखभालीवरून मोजावे लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. ज्या टाटा समूहाच्या टेल्को कारखान्याने पिंपरीचे रूप पालटले, त्याच समूहाच्या धुरिणांचे हे उड्डाण होते, हे येथील वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

इंजिनाचे आयुष्य : तासही आणि वर्षेही

सेस्ना १७२ च्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील विमानांत लायकमिंग कंपनीचे १६० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन असते. अशा इंजिनाची संपूर्ण उलगड व पुनर्बांधणी, म्हणजेच ओव्हरहॉल, २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी, अशी निर्मात्याची शिफारस आहे. हौशी मालकाचे गणित येथेच चुकते. वर्षाला ५० तास उडणारा मालक १२ वर्षांत ६०० तासच उडतो. म्हणजे तासांची ७० टक्के मुदत शिल्लक असताना वर्षांची मुदत संपते. कमी उडविले म्हणून खर्च कमी होईल, ही अपेक्षा फोल ठरते.

दरम्यानच्या काळातही तपासण्या चालूच असतात. तेल व त्याचे फिल्टर साधारणपणे ५० तासांनी बदलले जाते आणि जुने फिल्टर कापून त्यात धातूचा कीस सापडतो का, हे पाहिले जाते. प्रत्येक सिलिंडरची दाबचाचणी घेऊन झडपा व पिस्टनच्या कड्या हवा रोखून धरतात की नाही, हे ठरविले जाते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना वीज पुरविणारे दोन मॅग्नेटो एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहावे, हा त्यामागील हेतू. मॅग्नेटो साधारण ५०० तासांनी उघडून तपासावे लागतात. पंखा एकदा जरी जमिनीला किंवा दुसऱ्या वस्तूला आपटला, तरी इंजिन उघडून आतील भागांची तपासणी करणे आवश्यक मानले जाते, कारण क्रँकशाफ्टला गेलेला सूक्ष्म तडा बाहेरून दिसत नाही.

उभे विमान लवकर म्हातारे होते

जुन्या विमानाचा सर्वांत मोठा शत्रू वापर नसून विश्रांती आहे. लायकमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला असतो. विमान आठवड्यामागून आठवडे उभे राहिले, की त्यावरचा तेलाचा थर निथळून जातो. पावसाळ्यातील दमट हवा आत शिरते आणि कॅमवर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. पुढे इंजिन सुरू केल्यावर हाच गंज टॅपेटचा पृष्ठभाग खरवडत जातो.

यावर उपाय म्हणून अनेकजण दर आठवड्याला जमिनीवरच दहा मिनिटे इंजिन चालवितात. प्रत्यक्षात त्याने हानीच होते. तेलातील पाणी उडून जाण्यासाठी तेलाचे तापमान साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान बराच वेळ राहावे लागते आणि ते उड्डाणातच साध्य होते. जमिनीवर अल्पकाळ चालविलेल्या इंजिनात ज्वलनातून निर्माण झालेली वाफ उलट तेलातच मुरते. म्हणून दीर्घकाळ उड्डाण होणार नसेल, तर संरक्षक तेल घालून व इंजिनाची तोंडे बंद करून ते जतन करण्याची रीतसर पद्धत अवलंबावी लागते.

हीच गोष्ट सांगाड्याची. ॲल्युमिनियमचे पत्रे जेथे एकमेकांवर येतात तेथे ओलावा साचून आतून गंज चढतो. रंग फुगलेला दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. वारंवार ताण पडून धातूला येणारा थकवा आणि गंज एकत्र आले, तर पंख किंवा त्याचा आधारदांडा निकामी होण्याचा धोका असतो. म्हणूनच सेस्ना कंपनीने जुन्या एकइंजिनी विमानांसाठी नेहमीच्या तपासण्यांव्यतिरिक्त खास पूरक तपासण्यांचे दस्तऐवज काढले आहेत.

आसनाची खाच आणि सक्तीचे आदेश

क्षुल्लक वाटणारा भाग किती महत्त्वाचा ठरतो, याचे उदाहरण म्हणजे सेस्नाच्या वैमानिकाचे आसन. हे आसन रुळावर पुढेमागे सरकते आणि रुळातील भोकात अडकणाऱ्या पिनेमुळे एका जागी स्थिर राहते. वर्षानुवर्षांच्या वापराने ही भोके झिजतात. उड्डाण घेताना विमानाचे नाक वर उचलले, की झिजलेल्या भोकातून पिन निसटून आसन एकदम मागे सरकते. तोल सावरण्यासाठी वैमानिक नकळत हातातील सुकाणूच ओढतो आणि विमान गरजेपेक्षा अधिक वर उचलले जाऊन गती गमावते. असे अपघात घडल्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये या रुळांची ठरावीक अंतराने तपासणी सक्तीची केली.

अशा आदेशांना उड्डाणयोग्यता निर्देश म्हणतात. जुन्या विमानाला असे अनेक निर्देश लागू असतात. त्यांपैकी प्रत्येकाचे पालन केव्हा व कसे झाले, याची नोंद विमानाच्या लॉगबुकमध्ये असावी लागते. जुने विमान खरेदी करताना रंगरंगोटीपेक्षा लॉगबुके आधी पाहावीत, असे म्हणतात ते यामुळेच. एखादे लॉगबुक गहाळ असेल, तर त्या काळात विमानाला काय झाले, याचा पुरावाच उरत नाही आणि विमानाचे मोल लक्षणीय घटते.

मग बोल्ट येथे का करता येत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भोसरीतील लेथवर तयार झालेला बोल्ट मापात तंतोतंत असू शकतो. परंतु तो कोणत्या पोलादाचा आहे, त्याला कोणती उष्णता-प्रक्रिया दिली, मुलामा कोणता आणि तपासणी कोणी केली, हे मापावरून कळत नाही. विमानाच्या प्रमाणित बोल्टच्या डोक्यावर धातूची जात सांगणारी खूण असते आणि सोबत तो निकषांनुसार असल्याचा दाखला असतो. महत्त्वाच्या भागांना अधिकृत निर्गमन प्रमाणपत्र लागते. उद्या एखाद्या घाणीत दोष आढळला, तर त्या घाणीतील प्रत्येक भाग कोणत्या विमानात बसला आहे, हे या कागदपत्रांवरूनच शोधता येते. विमानात बसणारा भाग हा धातू आणि त्याचा इतिहास असा जोडीने येतो.

याचा अर्थ या पट्ट्याला तसे भाग करता येत नाहीत, असा नाही. मुंढव्यात मुख्यालय असलेल्या भारत फोर्ज कंपनीने बोईंग ७३७ विमानांच्या पंखांच्या फ्लॅप यंत्रणेसाठी टायटॅनियमचे घडीव भाग आपल्या बारामतीच्या कारखान्यातून २०१६ मध्ये पाठविले. मूळ निर्मात्याचा आराखडा, धातूचा दाखला आणि विमान उद्योगासाठीचे गुणवत्ता मानक यांची जोड मिळाली, की पुणे जिल्ह्यातील कौशल्य आकाशात पोहोचते. मान्यताप्राप्त देखभाल संस्थांनाही मान्य आराखड्यानुसार स्वतःच्या कामापुरते काही मर्यादित भाग तयार करण्याची मुभा आहे. अडचण आहे ती संख्येची. मोटारीच्या लाखो भागांच्या तुलनेत जुन्या विमानाच्या पाच-दहा भागांसाठी प्रमाणपत्रांचा खर्च कोणाही लघुउद्योजकाला परवडत नाही.

इंधन, जागा आणि कर

अशा विमानाला जेटचे इंधन चालत नाही आणि पंपावरचे पेट्रोलही नाही. त्याला एव्हगॅस १०० एलएल हे निळसर रंगाचे, शिसेयुक्त पेट्रोल लागते. मोटारीच्या पेट्रोलमधून शिसे देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून हद्दपार झाले. विमानाच्या पिस्टन इंजिनात मात्र ते धडधड रोखण्यासाठी अजून वापरावे लागते. शिवाय पंपावरील पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व सील खराब करते. पूर्वी एव्हगॅस आयात करावे लागे. इंडियन ऑईलने सप्टेंबर २०२२ मध्ये बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. सेस्ना १७२ ला तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन लागते.

जागेचा प्रश्न पिंपरी-चिंचवडकरांना अधिक जाचक आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. चाकण परिसरात व पुढे खेड तालुक्यात विमानतळ उभारण्याची चर्चा या शतकाच्या पहिल्या दशकात गाजली, पण २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाल्यावर ती मागे पडली. त्यामुळे छोट्या विमानांच्या वर्दळीची धावपट्टी गाठायची, तर शंभराहून अधिक किलोमीटरवरील बारामतीसारख्या ठिकाणाचा विचार करावा लागतो. विमान नजरेसमोर नसले, की ते कमी उडते. कमी उडले, की गंजते.

कायद्याची चौकटही नीट समजून घ्यावी लागते. १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. विमानाची 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि त्याच्या वार्षिक पुनर्विलोकनाचा दाखला हे तीनही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार असावे लागतात. देखभाल मान्य केलेल्या कार्यक्रमानुसार व परवानाधारक अभियंत्याच्या स्वाक्षरीनेच होते. मालकाला स्वतः उडवायचे असेल, तर खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण व वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. वैयक्तिक वापराच्या विमानावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

या सर्वांचा हिशेब मांडला, तर जुन्या विमानाची खरेदी-किंमत हा एकूण खर्चाचा लहानसा भाग ठरतो. म्हणूनच चार-पाच जणांनी मिळून विमान घेणे शहाणपणाचे ठरते. खर्च वाटला जातो आणि विमान अधिक वेळा उडते, जे त्याच्या प्रकृतीसाठीही हिताचे असते. मात्र भागीदारी असो वा एकट्याची मालकी, नादुरुस्त मोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. विमानाला ती सोय नाही. त्या बोल्टसाठी आठवडेच्या आठवडे थांबण्याचे कारण एवढेच आहे.