गाडीचा सेल्फ कसा निवडावा

आमच्या घरी एक जुनी पिकअप गाडी आहे. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. सावेडीत आता शेते थोडीच राहिली, सगळीकडे बंगले झाले. पण आमचा तुकडा अजून आहे. त्यात मेथी नि कोथिंबीर निघते. आण्णा पहाटेच ती गाडीत भरून नगरच्या मार्केट यार्डात नेतात.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी चालूच होईना. चावी फिरवली की नुसते 'टक्' वाजायचे. मग आण्णा स्टेअरिंगवर आणि मी, आई, शेजारचे काका मागून धक्का मारायचो. गाडी पळाली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, मग इंजिन लागायचे. एके दिवशी काका गावाला गेले होते. आम्हा दोघींच्याने गाडी हलेना. मार्केटला पोचेपर्यंत ऊन झाले आणि मेथी निम्म्या भावाने गेली. त्या रात्री आण्णा नीट जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आले. त्यांनी आधी बॅटरी पाहिली. तारांच्या टोकावरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतली. चावी फिरवताना दिवे मंद झाले असते तर बॅटरीचा दोष असता. आमचे दिवे लख्ख होते. म्हणून ते म्हणाले, "सेल्फच गेलाय."

आपण सेल्फ म्हणतो, त्याचे पुस्तकातले नाव स्टार्टर मोटर. चावी फिरवली की बॅटरीची वीज त्यात जाते. त्याचे लहान दातेरी चाक पुढे सरकते, इंजिनच्या मोठ्या चाकाच्या दातांत अडकते आणि त्याला फिरवते. इंजिन सुरू झाले की ते मागे येते. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यावरच डिझेल पेटते. म्हणून त्याला फिरवायला जोर लागतो. आमच्या बाईंनी सांगितले की पूर्वी पुढून हँडल मारून गाडी चालू करीत. हँडल उलटे फिरले तर हात मोडायचा! मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 साली कॅडिलॅक मोटारींना तो बसवला.

मिस्तरींनी सेल्फ खोलला. नुसते कार्बन झिजले असते तर थोडक्यात भागले असते. पण आतले आर्मेचर जळून काळे झाले होते. वासच यायचा. आण्णांनी एका दुकानातून जुना सेल्फ स्वस्तात आणला. दिसायला अगदी आमच्यासारखा. मिस्तरी चहा पीत होते तेवढ्यात मी दोन्ही चाकांचे दात मोजले. आमच्याला नऊ, त्याला दहा! मी दोनदा मोजले, मग सांगितले. मिस्तरींनी कप खाली ठेवला. दात जुळले नाहीत तर मोठ्या चाकाची रिंग खराब होते, आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे स्वस्त सेल्फ केवढ्याला पडला असता!

मग आण्णा मिस्तरींना घेऊन गेले. दात तेवढेच, बोल्टची भोके जुळणारी, फिरायची बाजू तीच आणि बारा व्होल्टचा. मोठ्या ट्रकचा चोवीस व्होल्टचा असतो, तो आपल्याला चालत नाही. दुकानात दोन प्रकार होते. एक जुन्या धर्तीचा जड. दुसऱ्याच्या पोटात गिअर असतात, तो हलका असतो आणि बॅटरीवर ताण कमी देतो. तो महाग होता. आण्णा बराच वेळ गप्प उभे राहिले म्हणे. शेवटी हलकाच घेतला, कारण आमची बॅटरीपण जुनी आहे आणि दोन्ही एकदम घेणे जमणार नव्हते. राहिलेले पैसे मेथीच्या पुढच्या तोडणीनंतर द्यायचे ठरले आहे.

आता गाडी एका चावीत लागते. मिस्तरी म्हणाले, दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी धरून ठेवायची नाही, मध्ये थोडे थांबायचे, नाहीतर हाही जळेल. जुना सेल्फ भंगारवाल्याने तांब्यासाठी नेला. नऊ दातांचे चाक मात्र मी ठेवून घेतले आहे. सोमवारी शाळेत आणीन, ज्याला मोजायचे त्याने मोजावे.