मोटारीचा संगणक व परतीची तार

मोटारीच्या एंजिनास निराळा संगणक जोडून पेट्रोल व ठिणगी यांचें नियमन त्याजकडे सोंपविण्याची हौस आतां घरगुती कारागिरांसही साध्य झाली आहे. अमेरिकेंत ब्रूस बाउलिंग व अल ग्रिपो या गृहस्थांनीं २००१ सालीं योजिलेलें ‘मेगास्क्वर्ट’ हें यंत्र स्वहस्तें जुळवितां येतें.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या जुन्या मोटारीस असें यंत्र बसविलें. दिवसां एंजिन उत्तम चाले. रात्रीं दिवे लावतांच काळा धूर येई व गाडी अडखळे. त्यानें महिनाभर पेट्रोलचे आंकडे बदलून पाहिले, नवे इन्जेक्टर घातले, पदरचे पैसे दवडले. दोष मात्र एका गंजलेल्या बोल्टाखालीं होता.

पाण्याची उष्णता सांगणाऱ्या सेन्सरचा विद्युद्रोध पाणी तापतां कमी होतो. प्रचारांतील जनरल मोटर्सच्या सेन्सरांत तो २० अंशांस सुमारें ३,५०० ओम, तर ८० अंशांस सुमारें ३३० ओम असतो. संगणक २,४९० ओमच्या रोधकांतून ५ व्होल्टांचा दाब त्याजकडे धाडतो व मधल्या सांध्यावर किती दाब उरला तें पाहतो. ८० अंशांस तो सुमारें ०.५९ व्होल्ट, १०० अंशांस ०.३३ भरतो. पण हें माप कोठून घ्यावयाचें? संगणकाच्या स्वतःच्या अर्थच्या तारेपासून! ती तारच हालली तर वाळूवर बांधलेल्या घराची गत होते.

या गाडींत बॅटरीची ऋण तार एंजिनास होती; सेन्सरांची अर्थही एंजिनास. संगणकाची अर्थ मात्र दिव्यांच्या अर्थशेजारीं पत्र्यास बांधलेली, आणि पत्रा व एंजिन यांस जोडणारी पट्टी गंजलेली. तिचा रोध एका ओमचा विसावा हिस्सा धरला, तरी ५५ वॅटच्या दोन दिव्यांचा सुमारें ९ अँपिअर प्रवाह तींतून परततांना ०.४५ व्होल्टांचा फरक पडतो. मग ८० अंशांचें पाणी संगणकास १२० च्या आसपास भासतें. प्राणवायु जोखणाऱ्या एकतारी सेन्सरचा तर सारा खेळच एका व्होल्टाच्या आंत. ०.४५ च्या वर मिश्रण दाट, खालीं विरळ. दाट मिश्रणाचे ०.८५ व्होल्ट संगणकास ०.४० दिसत, व तो बिचारा आणखी पेट्रोल ओती. चूक उलट दिशेची असती, तर मिश्रण विरळ होऊन पिस्टन वितळण्याचा प्रसंग होता.

उपाय स्वस्त निघाला. संगणकाच्या जाड अर्थतारा थेट एंजिनाच्या ठोकळ्यास, घांसून स्वच्छ केलेल्या एकाच जागीं आणल्या. दुतारी सेन्सरांच्या परतीच्या तारा एंजिनास न बांधतां संगणकाच्या सेन्सर-अर्थच्या पिनेस नेल्या. एकतारी सेन्सर आपल्या आट्यांतूनच अर्थ घेतात. त्यांवर गळती थांबविण्यास टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याचा मोह कित्येकांस होतो व सेन्सर मुका बसतो. क्रँकचा वेग सांगणाऱ्या चुंबकी सेन्सरची तार जाळीदार वेष्टणाची घेतली. तें वेष्टण संगणकाच्या बाजूस तेवढें अर्थ केलें, दुसरें टोंक मोकळें ठेवलें. दोन्ही टोंकें जोडल्यास वेष्टणांतूनच प्रवाह वाहूं लागतो.

त्याच रात्रीं दिवे लावून गाडी चालविली. धूर नव्हता. पेट्रोलचे बिघडविलेले आंकडे पूर्ववत् करण्यास मात्र आणखी दोन रविवार लागले.