आधी प्रश्न, मग लॅपटॉप

कल्याण-डोंबिवलीत कोडिंगच्या क्लासची चौकशी करणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा लॅपटॉपचा असतो. खरं तर प्रोग्रॅमिंग म्हणजे कामाच्या पायऱ्या नेमक्या आणि योग्य क्रमाने सांगणं. त्याला कागद-पेन्सिल पुरते. ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या आजीने आंबिवलीला कसं जायचं, हे मुलाला लिहायला सांगा. कसारा किंवा टिटवाळा लोकल आली तर बसायचं. कर्जत आली तर? कल्याणला उतरून गाडी बदलायची. यातलं काहीच आलं नाही तर थांबायचं. लिहिलेलं दुसऱ्याने तंतोतंत पाळून पाहिलं, की राहिलेली पायरी लगेच सापडते. एसीएम इंडियाचा ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून अशाच, संगणकाशिवायच्या कृती शाळांपर्यंत नेतो आहे.

‘सहाव्या वर्षी सुरुवात केली नाही तर उशीर होतो’ ही भीतीही निराधार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कोडिंग येतं ते सहावी ते आठवीच्या टप्प्यावर.

‘आधी गणित पक्कं हवं’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण गणिताला घाबरणारी मुलं त्यामुळे दारातच अडतात. सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ ही भाषा मुलांसाठीच तयार केली. त्यात पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन चित्र काढायचं. चौकोन सोपा: पुढे जा, ९० अंश वळ, असं चार वेळा. समभुज त्रिकोणाला मात्र मुलं ६० अंश लिहितात आणि कासव अर्धा षटकोन काढून थांबतं. मग मूल स्वतः अंगणात त्रिकोणावर चालून बघतं. आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो, १२० अंशांचा! बाह्यकोन इथे पाठ करावा लागत नाही. चूक झाली म्हणूनच तो कळतो.

पाढे पाठ असावेत, याबद्दल वाद नाही. पण गणित तिथे संपत नाही. डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले, ठाण्यात शिकलेले द. रा. कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ चा खेळ तिसरीतल्या मुलालाही येतो. रेल्वे कल्याणला पोहोचली ते १८५४ साल घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा: ८५४१ − १४५८ = ७०८३. पुन्हा ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या घ्या, शून्य धरून अंक चारच ठेवा; जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतोच.

खरंच येतो का, प्रत्येक संख्येपासून? एकेक तपासताना हात दुखतील. आता मुलाला संगणक द्या. छोटासा प्रोग्रॅम क्षणात सगळ्या संख्या तपासतो. मग तीन अंकांवर ४९५ सापडतो, आणि पाच अंकांवर एक ठरावीक संख्या न येता चक्र फिरतच राहतं.