टीव्ही घेण्याआधी खोली मोजा

दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टरांची वस्ती आहे. इथे हमखास विचारलं जातं, ४३ इंची घ्यावा की ५५?

आधी टेप काढा. फौजेत याला आम्ही रेकी म्हणतो. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. ४३ इंची पडदा रुंदीला ९५ सेंटिमीटर भरतो, ५५ इंची १२२. बसायचं अंतर त्या तिरक्या मापाच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. म्हणजे ४३ ला साडेपाच ते सात फूट, ५५ ला सात ते नऊ.

आता खरा मुद्दा, तुम्ही बघता काय? फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके असतात. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. त्यामुळेच नव्या मोठ्या टीव्हीवर आजीची मालिका धुरकट दिसते आणि बिचाऱ्या टीव्हीला नावं ठेवली जातात. अशा घरात सेट-टॉप बॉक्स आणि पॅक दोन्ही एचडी करून घ्या, नाहीतर ४३ वर थांबा.

दुकानातल्या पोपट-धबधब्यांच्या चित्रफितींवर जाऊ नका. शॉप मोड बंद करायला लावा आणि रोजची बातम्यांची वाहिनी बघा.

किमतीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या भावफलकावर घासाघीस करू नका.