सोने असूनही खाण बंद का पडते?

जमिनीत सोने शिल्लक असताना सोन्याची खाण बंद पडेल काय? कोलारला तसेच घडले.

त्या वेळच्या म्हैसूर संस्थानातील या भागात १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या इंग्रज कंपनीने काम हाती घेतले. सोने होते गारगोटीच्या शिरांत, आणि शिरा उतरत होत्या खोल. त्यांच्यामागे खाणही खोल गेली. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रची वीज येथे आली. पुढे चँपियन रीफ खाण तीन किलोमीटरांहून खोल पोहोचली.

आता गणित करू. खडकाची घनता पाण्याच्या सुमारे तिप्पट धरा. तीन किलोमीटर खोलीवर एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, भार येतो सुमारे ९०० किलोग्रॅम! खोदून पोकळी केली की तिचा भार बाजूच्या खडकावर पडतो. तो खडक एकाएकी फुटला की भूकंपासारखा हादरा बसतो. अशा स्फोटांत अनेक कामगारांचे प्राण गेले. शिवाय तळाचा खडक ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेला.

तेथे गार हवा पोहोचवायची, पाणी उपसायचे, टनभर दगड वर आणायचा. हाती सोने काही ग्रॅम. खर्च किमतीपेक्षा वाढला आणि २००१ साली खाणी बंद झाल्या.

मात्र दळलेल्या दगडाच्या टेकड्या तेथे उभ्या आहेत. त्यांत टनामागे एक ग्रॅमही सोने नाही. पण खोदणे, उचलणे, दळणे आधीच झालेले! म्हणून आता लक्ष त्यांच्याकडे आहे. सोने किती आहे एवढेच पाहून भागत नाही. ते मिळवण्यास कार्य किती करावे लागते, हेही मोजावे लागते.