छपरावरची अँटेना

सकाळी ७. मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. जुलै सरत आलाय. १ जूनला लागलेली मासेमारीबंदी ३१ तारखेला उठेल, त्यामुळे सगळ्याच नाखवांना बोटीवर व्हीएचएफ वायरलेस आजच हवाय. उघडीप आहे तोवर छपरावरचं काम उरकायला हवं.

८. जागेवरून वाद. या बोटीच्या नाखवांना अँटेना केबिनच्या छपरावरच हवी, हाताला येईल अशी. मला उंची हवी. व्हीएचएफच्या लाटा जवळपास सरळ जातात आणि समुद्राची गोलाई त्यांना आडवी येते. पाण्यापासून ३ मीटरवरची अँटेना तेवढ्याच उंचीच्या दुसरीशी साधारण १४ किलोमीटरवरून बोलते. दोन्ही ६ मीटरवर असल्या तर २०. नुसते वॉट वाढवून हे साधत नाही. शेवटी बूड छपरावर, वर लांब पाइप, असा तोडगा निघतो.

९.३०. छपराला भोकं. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. नुसता स्क्रू पिळला तर पाणी प्लायमध्ये झिरपतं आणि काही पावसाळ्यांत छप्पर पायाखाली दबू लागतं. म्हणून भोक मुद्दाम मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, सुकलं की त्यातूनच बोल्टच्या मापाचं नवं पाडायचं. खालून जाड पट्टी, बुडाखाली सीलंट, बोल्ट ३१६ स्टीलचे. पाडलेलं भोक बुजवताना पाहून खलाशी हसतात. हसोत बापडे.

१. सर आली. इपॉक्सीवर ताडपत्री. जेवण.

२.३०. केबल. इथे मी कुणाचं ऐकत नाही. महागडा सेट घेणारेही केबल मात्र बारीक, स्वस्तातली आणतात. तशा १२ मीटर केबलमध्ये २५ वॉटपैकी जवळपास १० वॉट वाटेतच जिरतात. मी जाड आरजी-२१३ टाकतो. प्लग डाखताना बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. बाहेरच्या जोडावर एकजीव होणारी रबरी टेप. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ ठेवायचा. ओघळणारं पाणी तिथूनच गळून जातं.

४.३०. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर १.३ दाखवतो. दीडच्या आत म्हणजे उत्तम. दोनच्या वर गेला असता तर सगळी केबल पुन्हा तपासावी लागली असती.

५. दूर नांगरलेल्या बोटीला चॅनेल १६ वर हाक दिली. तांडेलाचं उत्तर खणखणीत आलं. १६ फक्त हाकेसाठी आणि संकटासाठी, म्हणून लगेच दुसऱ्या चॅनेलवर गेलो.

"यावर क्रिकेट लागेल का?" नाखवा विचारतात.

नाही म्हटल्यावर पैसे उद्यावर गेले.