बंदूक ठेवली, जंगल राखलं : बिली अर्जन सिंग

आजचा भाग मी लखनौ छावणीतून बोलतेय. यजमानांची बदली इथं झाल्यापासून सकाळी माझी फेरी दिलकुशा कोठीपर्यंत असते. १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खान यांच्यासाठी बांधलेली ही शिकारकोठी. आता नुसत्या भिंती उरल्यात, भोवतीचं शिकारीचं रानही गेलं. अवधमध्ये ज्याची जमीन मोठी, त्याला शिकारीचा शौक असायचाच. अशाच घरातल्या एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे.

हा विषय मला माझ्या भावानं सुचवला, तोही रागाच्या भरात. आमचं माहेर जुन्नर तालुक्यातलं, उसाचं. बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं त्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, बिबटे वाचवा म्हणणाऱ्यांनी आमच्या उसात एक रात्र काढून दाखवावी!" मला उत्तर सुचेना. मग इथल्या तराईतले बिली अर्जन सिंग आठवले. त्यांनी एक रात्र नाही, पन्नास वर्षं काढली.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ चा, गोरखपूरचा. घराणं कपूरथळ्याचं. आपल्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या त्यांच्या आत्या. त्यांनी आपलं सिमल्याचं घर दिल्लीच्या एम्स संस्थेला देऊन टाकलं होतं. म्हणजे देण्याची सवय घरातच होती. बिलींना मात्र लहानपणापासून नाद बंदुकीचा. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. परत आल्यावर नेपाळ सीमेजवळ, लखीमपूर खीरी जिल्ह्यात पलियाला त्यांनी जमीन घेतली, शेती सुरू केली आणि वडिलांच्या नावावरून तिला जसबीरनगर म्हटलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ. त्या काळात तराईतली गवताळ राने वेगानं नांगराखाली जात होती. फाळणीनंतर आलेली कुटुंबं तिथं वसत होती. बिलीही त्याच लाटेतले शेतकरी. म्हणजे जंगल मागे हटवण्यात त्यांचाही हात होता.

१९५९ मध्ये हत्तिणीवरून फिरताना जंगलाच्या कडेला, नदीकाठी त्यांना एक जागा आवडली. तिथं त्यांनी घर बांधलं, तेच 'टायगर हेवन'. पुढच्याच वर्षी, गाडीच्या दिव्यांच्या झोतात त्यांनी एक तरुण बिबट्या मारला आणि त्यांचं मन फिरलं. शिकार सुटली.

मग त्यांनी बारशिंगे वाचवायचं मनावर घेतलं. आपल्या नागपूरकरांनी कान्हात पाहिलेला बारशिंगा कठीण जमिनीवरचा. दुधव्याचा दलदलीत राहणारा, म्हणून त्याचे खूर पसरट. दलदल आणि गवत गेलं की तो संपला. साठियानाच्या गवताळ भागातला कळप टिकावा म्हणून बिली सरकारच्या मागे लागले, थेट इंदिरा गांधींपर्यंत पोचले. १९७७ मध्ये दुधवा राष्ट्रीय उद्यान झालं.

घरात तर वेगळंच विश्व होतं. हातावर वाढवलेले बिबटे त्यांनी जंगलात सोडले. त्यातली हॅरिएट नावाची मादी पुराच्या वेळी पिल्लांना तोंडात धरून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन आली होती.

पण सगळं गोड नव्हतं. १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून आणलेली तारा ही वाघीण त्यांनी जंगलात सोडली. पुढे त्या भागात माणसं मारली गेली. १९८० मध्ये एक नरभक्षक वाघीण मारली गेली आणि ती ताराच, असं वनखात्याचं म्हणणं होतं. बिलींनी ते कधीच मानलं नाही. ताराच्या रक्तात सायबेरियन वाघाचा अंश असल्याचंही पुढे निघालं. अशी सरमिसळ करणं बरोबर की चूक, हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल, तर त्यांचं वाघावरचं प्रेम इथं शेजारच्या गावांना जड गेलं असावं.

आधी पद्मश्री, मग २००६ मध्ये पद्मभूषण मिळालं. १ जानेवारी २०१० ला, ९२ व्या वर्षी, ते जसबीरनगरलाच गेले.

भावाला मी नंतर फोन केला. म्हटलं, वाघ काय, बिबट्या काय, त्यांना ऊस कळत नाही. उंच, दाट, जवळ पाणी, म्हणजे त्यांच्या लेखी ते गवतच. मूळचं रान आपण नांगरलं, म्हणून ते आपल्या गवतात आलं. बिलींनी हे ओळखलं आणि आधी जमिनीचा तुकडा राखायला धडपडले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ते खरं गं, पण वासराचं काय?"

त्याचा प्रश्नही खोटा नाही. जंगल राखायचं तर गोठाही राखावा लागेल. कुंपण, रात्रीचा दिवा, वेळेवर मिळणारी भरपाई, हाही त्याच कामाचा भाग आहे. लखनौहून दुधवा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. भाऊ दिवाळीनंतर इकडे येतोय. त्याला घेऊन जाणार आहे.